अठ्ठावीस टनांचा परवाना

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. पुढे दहा टायरचा ट्रक, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने, तोही उतारावर. मागे कारची रांग आणि हॉर्नचा गलका. चढावर ट्रक रखडला तर आपण समजून घेतो, कारण वजन आहे आणि इंजिनावर ताण आहे. पण उतारावर तर वजनच गाडीला पुढे ढकलत असतं. मग हा माणूस ती पळवत का नाही?

तो पळवत नाही, कारण त्याला त्याचं काम येतं. मागे हॉर्न वाजवणाऱ्याला कदाचित वीस वर्षं कार चालवण्याचा अनुभव असेल, तरी त्याला त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवलं तर पहिल्या दोन वळणांतच तो संकटात सापडेल. जड वाहनासाठी कायद्याने वेगळा परवाना ठेवला आहे तो यासाठीच. ट्रक ड्रायव्हर व्हायचं म्हणून चौकशी करणाऱ्या तरुणाला सहसा कागदपत्रांची यादी हातात मिळते: हा नमुना, तो दाखला, इतके दिवस थांबा. या अटी कशासाठी आहेत हे कुणी सांगत नाही, त्यामुळे त्या सरकारी अडथळे वाटतात आणि माणूस त्यातून पळवाट शोधू लागतो. म्हणून इथे उलट्या बाजूने जाऊ. आधी ट्रक समजून घेऊ, मग परवाना.

वजन उतरतं तेव्हा

तीन अॅक्सलचा, दहा टायरचा ट्रक घेऊ. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलवरच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या. तेव्हापासून या ट्रकचं मालासकट एकूण वजन २५ टनांऐवजी २८.५ टनांपर्यंत चालतं. साधी कार सव्वा टनाच्या आसपास असते. म्हणजे एका ट्रकच्या जागी तेवीस कार एकमेकींना बांधून एकाच माणसाच्या हाती दिल्या, असा हिशेब होतो.

धावती गाडी थांबवणं म्हणजे तिच्या गतीत साठलेली ऊर्जा कुठेतरी काढून टाकणं. ब्रेक हे काम घर्षणाने करतात. ब्रेकचे लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर घासले जातात आणि गतीची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगातून थांबलं की ही उष्णता एकदाच तयार होते, पुढच्या काही मिनिटांत ड्रम थंड होतात आणि विषय संपतो.

घाटात तो संपत नाही. लोणावळा-खंडाळ्याचं पठार ते खोपोली यांच्या उंचीत साधारण ५०० मीटरचा फरक आहे. एवढं खाली येताना उंचीतली ऊर्जा मोकळी होते. गणित केलं तर ही ऊर्जा ताशी ६० च्या वेगातून पूर्ण थांबण्याला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ३५ पट भरते. काही भाग रस्त्याचं आणि हवेचं घर्षण खातं, बाकी सगळी कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे फक्त ब्रेकच्या भरवशावर घाट उतरणारा ड्रायव्हर त्या अर्ध्या तासात ताशी ६० वरून पंचवीस-तीस वेळा गाडी जागच्या जागी उभी केल्याइतकी उष्णता आपल्या ड्रममध्ये भरत असतो, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नसते.

हे ३५ पटीचं गणित कारलाही लागू आहे, कारण भागाकारात वजन दोन्हीकडून कटतं. मग कारला घाट का सोपा जातो? कारच्या चार ब्रेकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३०० किलो येतात. दहा टायरच्या ट्रकला सहा ड्रम असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पावणेपाच टन येतात. म्हणजे भार पंधरा-सोळा पट. ड्रम काही सोळा पट मोठा नसतो. शिवाय तो चाकाच्या आत कोंडलेला असतो, त्यामुळे कारच्या पुढच्या डिस्कसारखी मोकळी हवा त्याला मिळत नाही.

तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि लायनरपासून किंचित दूर जातो. लायनरचं घर्षण अतिउष्णतेत घटतं. ड्रायव्हर पाय आणखी दाबतो, उष्णता आणखी वाढते, घर्षण आणखी घटतं. शेवटी पाय तळाला टेकतो आणि ट्रक थांबत नाही. बातमीत आपण वाचतो, ‘ब्रेक फेल’. पुष्कळदा कुठला भाग तुटलेला नसतो, नळी फुटलेली नसते. थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा नीट लागतात. ते फक्त त्यांच्या कुवतीपलीकडे तापवले गेलेले असतात.

म्हणून जाणता ड्रायव्हर घाटात ब्रेकला शक्य तितकी कमी तसदी देतो. उतार सुरू होण्याआधीच तो खालचा गिअर टाकतो. ज्या गिअरमध्ये हा घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरतो. चाकं आता इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना विरोध करतं. एक्झॉस्ट ब्रेक लावला की धूर बाहेर जाण्याची वाट झडपेने अडवली जाते आणि इंजिनाला स्वतःच्याच कोंडलेल्या धुराविरुद्ध फिरावं लागतं. विरोध आणखी वाढतो. उष्णता ड्रममध्ये न जाता इंजिनातून बाहेर पडते. ड्रम थंड राहतात, खऱ्या गरजेच्या क्षणासाठी राखून ठेवलेले. ताशी वीस-पंचवीसचा वेग या सगळ्याची किंमत आहे, आणि ती मोजलीच पाहिजे.

हवा आणि न्यूट्रल

कारचा ब्रेक तेलावर चालतो. जड ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. हवा दाबण्यासाठी इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर असतो, तो टाक्यांमध्ये हवा भरतो. तिचा दाब साधारण आठ बार, म्हणजे कारच्या टायरमधल्या दाबाच्या तिपटीपेक्षा जास्त. ड्रायव्हरने पाय दाबला की एक झडप उघडते, टाकीतली हवा चाकांपर्यंत धावते आणि लायनर ड्रमवर दाबले जातात.

ही व्यवस्था इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी आहे. पंप सावकाश भरत असतो, नळ मात्र भराभर रिकामा करू शकतो. सगळ्या घरांनी एकदम नळ सोडले तर पंप चालू असूनही टाकी तळ गाठते. ट्रकमध्ये उतारावर वारंवार ब्रेकवर पाय मारला तर तेच होतं. प्रत्येक वेळी थोडी हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसरला ती भरून काढायला वेळ मिळत नाही. दाबाचा काटा खाली येऊ लागतो, धोक्याचा बझर वाजतो.

इथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. हवा पूर्ण गेली की ट्रक मोकाट सुटत नाही. आजच्या ट्रकमध्ये पार्किंग ब्रेक जाडजूड स्प्रिंगवर असतो आणि हवेचा दाब ती स्प्रिंग मागे रोखून धरतो. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं आवळली जातात. सकाळी ट्रक सुरू केल्यावर ड्रायव्हर काही मिनिटं तसाच उभा राहतो तो यामुळे. हवा भरल्याशिवाय गाडी हलणारच नाही. ही रचना फार विचाराने केलेली आहे, पण भर उतारावर, ड्रम आधीच तापलेले असताना आपोआप लागलेल्या ब्रेकवर कुणी विसंबून राहू नये.

हवेला आणखी एक मर्यादा आहे. तेल दाबलं की क्षणात दाब पोचतो, हवेला मात्र लांबलचक नळ्यांतून चाकांपर्यंत जायला वेळ लागतो. हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. ताशी ६० ला ट्रक एका सेकंदात जवळपास १७ मीटर जातो, म्हणजे पाय पडल्यावरही ब्रेक लागायच्या आत आठेक मीटर रस्ता मागे पडलेला असतो. ट्रकच्या नाकासमोर कार घुसवणाऱ्याला हे आठ मीटर माहीत नसतात.

आता न्यूट्रलबद्दल. उतारावर गिअर काढून, कधी इंजिनही बंद करून गाडी सोडायची आणि डिझेल वाचवायचं ही सवय अजून गेलेली नाही. जुन्या इंजिनांच्या काळातला हा समज एका पिढीने दुसरीला दिला. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की डिझेलचा पुरवठाच थांबतो. चाकं इंजिन फिरवत असतात, त्याला इंधन लागत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतंच. म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, वर जातं, आणि इंजिनाचा विरोध हातचा जातो. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत संपते.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या सवयीमुळे बदनाम झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले नव्हते, चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. काही लिटर डिझेलच्या चुकीच्या हिशेबावर इतक्या माणसांचे जीव टांगले जावेत, याची चीड यायला हवी. आणि ती एकट्या चालकावर न निघता, त्याला कधीच कुणी हे नीट समजावलं नाही या गोष्टीवरही निघायला हवी.

जड म्हणजे किती?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने एक रेघ आखली आहे: ७,५०० किलो. एकूण वजन त्याच्या आत असेल तर वाहन हलकं. कारचा परवाना याच वर्गाचा असतो. आता प्रश्न असा की छोटा हत्ती किंवा चारशे सात ही मालाची गाडी, पण वजनाने हलकी. ती कारच्या परवान्यावर चालवता येते की वेगळी नोंद लागते? वर्षानुवर्षं यावरून विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यात दावे चालले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘चालवता येते’ असा निकाल दिला. पुढे तो मोठ्या पीठाकडे गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच कायम केला. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोंच्या आतलं मालवाहू वाहन चालवू शकतो.

नव्याने या धंद्यात येणाऱ्याला हा निकाल फार उपयोगाचा आहे. पिकअपवर नारायणगावचा टोमॅटो वाशीला पोचवण्याचं काम कारच्या परवान्यावर सुरू करता येतं, चार पैसे मिळतात, आणि जड परवान्यासाठी लागणारा अनुभवही त्याच काळात जमतो.

रेघ ओलांडली की ‘परिवहन वाहन’ हा वर्ग लागू होतो. पूर्वी कायद्यात मध्यम आणि जड असे वेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते एकाच नावाखाली आणले. त्यामुळे कायद्याच्या कलमात आठ टनांचा ट्रक आणि ५५ टनांचा ट्रेलर एकाच रांगेत बसतात. मला हे पटत नाही. ट्रेलर मध्येच दुमडतो, रिव्हर्सला त्याचं शेपूट उलट दिशेला जातं, आणि त्याला लागणारं कौशल्य साध्या ट्रकहून निराळं आहे.

मालक परवान्याचा वर्ग इतका बारकाईने का तपासतात, त्याचं कारण विम्यात आहे. चालकाकडे योग्य वर्गाचा वैध परवाना नसेल तर अपघातात न्यायालय अनेकदा विमा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. एका चुकीच्या परवान्याने मालकाचा ट्रक आणि घरही जाऊ शकतं.

परवान्यापर्यंतचा रस्ता

पहिली अट वयाची. कारचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, परिवहन वाहनाचा विसाव्या वर्षी. दुसरी अट अनुभवाची: जड वाहनाचा शिकाऊ परवाना मागण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असला पाहिजे. या वर्षात समोरचा रिक्षावाला कधी वळेल, पावसात रस्ता किती निसरडा होतो, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे कसे दिपतात हे सगळं अंगवळणी पडावं अशी अपेक्षा असते. हे शिकायचं ते सव्वा टनाच्या गाडीत. अठ्ठावीस टनांच्या गाडीत हे पहिल्यांदा शिकण्याची चैन रस्त्याला परवडत नाही.

शिक्षणाची अट आता नाही. पूर्वी आठवी उत्तीर्ण असावं लागे, २०१९ मध्ये ती अट काढली गेली. घरच्या गरिबीने शाळा सुटलेल्या पण हात तयार असलेल्या कितीतरी मुलांना त्यामुळे दार उघडलं, आणि ते उघडायलाच हवं होतं.

मग येतो वैद्यकीय दाखला, नमुना १-अ, नोंदणीकृत डॉक्टरने तपासून दिलेला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त थट्टा याच कागदाची होते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्यावर चालवताना शेजारी परवानाधारक प्रशिक्षक हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी हवी.

शिकाऊ परवाना मिळाला की मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण, आणि ते पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ५. कारसाठी स्कूलचं प्रमाणपत्र नसलं तरी चालतं, परिवहन वाहनासाठी ते सक्तीचं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास.

पंधरा तास! पुणे ते नागपूर एक फेरी भरलेल्या ट्रकने केली तरी याहून जास्त वेळ स्टिअरिंगवर जातो. म्हणून जुलै २०२१ पासून सुरू झालेल्या अधिमान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांकडे मी आशेने बघतो. तिथला जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा आहे. सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी ट्रॅक असणं केंद्राला बंधनकारक आहे, आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. पुण्यात भोसरीला केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था, म्हणजे सीआयआरटी, १९६७ पासून आहे; ती चालकांच्या प्रशिक्षणाचं आणि वाहनांच्या चाचणीचं काम करते. ज्याला जवळ असं केंद्र मिळतं, त्याने चार पैसे जास्त गेले तरी तिकडेच जावं.

> चौकट: थोडक्यात वाट
>
> हलक्या वाहनाचा परवाना काढून एक वर्ष पूर्ण; वय २० पूर्ण. सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर परिवहन वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज, सोबत नमुना १-अ.
>
> ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण आणि नमुना ५. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवस झाल्यावर, सहा महिने संपायच्या आत चाचणी. चाचणीचं वाहन ज्या वर्गाचा परवाना हवा त्याच वर्गाचं. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा संधी.
>
> परवान्याची मुदत पाच वर्षं; नूतनीकरणाला वैद्यकीय दाखला पुन्हा लागतो.

चाचणी काय बघत नाही

आरटीओच्या चाचणीत उमेदवार आरसे लावतो का, इशारे देतो का, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलतो का, मर्यादित जागेत रिव्हर्स घेतो का हे पाहिलं जातं. सगळं आवश्यकच आहे. पण ट्रक बहुधा स्कूलचा, रिकामा असतो. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक ही जवळजवळ दोन वेगळी वाहनं आहेत. भरल्यावर क्लच वेगळा लागतो, वळणावर गाडी वेगळी झुकते, थांबायला कितीतरी जास्त रस्ता लागतो. आणि चाचणीत घाट नसतो. ज्या ठिकाणी सर्वांत जास्त कस लागतो, ते ठिकाण परीक्षेत नाहीच.

पूर्वी ही उणीव किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, असण्याच्या वर्षांत भरून निघायची. पोरगा उस्तादाच्या, म्हणजे मुख्य ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा, टायर ठोकून हवा पारखायचा, ताडपत्री आवळायचा, चाकाला दगड लावायचा, रिव्हर्सला मागे उभा राहून ‘आने दो’ म्हणायचा. तीन-चार वर्षांनी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचा. त्यात शोषण पुष्कळ होतं, शिव्या आणि मार होता, कायदाही मोडला जात होता. पण ज्ञान हस्तांतरित होत होतं. आता अनेक ट्रकांवर एकटाच ड्रायव्हर असतो. जुनी शाळा मोडली आणि नवी अजून पुरेशी उभी राहिलेली नाही.

अमेरिकेत याचं उत्तर वेगळ्या पद्धतीने दिलेलं आहे. तिथे व्यावसायिक चालकाचा स्वतंत्र परवाना १९८६ च्या कायद्याने आला. त्यांची जड वाहनाची रेघ २६,००१ पौंडांवर, म्हणजे आपल्या १२ टनांच्या जवळपास आहे. चाचणीचे तीन भाग असतात. त्यांतला पहिला भाग गाडी चालवण्याचा नसतोच: उमेदवाराने ट्रकभोवती फिरून एकेका भागाला हात लावून तो काय आहे, त्यात काय तपासायचं, काय बिघडलेलं असू शकतं हे परीक्षकाला सांगायचं. इंजिन बंद ठेवून हवेचा दाब किती उतरतो हेही त्याने तपासून दाखवायचं. मग मैदानातली हाताळणी, मग रस्ता. हवेचा ब्रेक नसलेल्या गाडीत चाचणी दिली तर परवान्यावर तशी बंधनाची नोंद होते आणि हवेच्या ब्रेकचा ट्रक चालवता येत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला नोंदणीकृत संस्थेचं प्रशिक्षणही सक्तीचं झालं आहे.

गाडीभोवतीची ही फेरी आपल्या चाचणीत यावी असं मला मनापासून वाटतं. तिला ना ट्रॅक लागतो ना महागडं यंत्र. दहा मिनिटांत कळतं की उमेदवाराला ट्रक समजला आहे की फक्त स्टिअरिंग.

तोवर शिकणाऱ्याने स्कूल निवडताना स्वतःच विचारावं. प्रशिक्षणाचा ट्रक हवेच्या ब्रेकचा आहे का? त्यात कधी भार घालून चालवायला मिळेल का? एखाद्या उतारावर नेतील का? रात्री?

आणि वळण शिकून घ्यावं. ट्रक वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत जातात. गाडी जितकी लांब तितकं हे कापणं मोठं. म्हणून डावीकडे वळायचं असलं तरी ड्रायव्हर आधी ट्रक उजवीकडे काढतो. डावीकडे जागा मोकळी दिसते आणि दुचाकीवाला तिथे शिरतो. नेमका हाच कोपरा ड्रायव्हरच्या आरशात नीट दिसत नाही. शहरातल्या चौकात चाकाखाली गेलेल्या कितीतरी दुचाकीस्वारांना कुणीतरी ही एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं: डावीकडचा दिवा लुकलुकणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला मोकळी जागा नसते, ती ट्रकच्या मागच्या चाकांची जागा असते.

डोळे आणि झोप

आता नमुना १-अ. डॉक्टरने पाहायचं ते असं: पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट दिवसाच्या उजेडात वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, फिट येते का, हातापायांत काही व्यंग आहे का. हे प्रश्न साधे आहेत. पण अनेक ठिकाणी उमेदवार दारातही न जाता शिक्का मारलेला कागद मिळतो. यात फसवणूक सरकारची होत नाही, त्या मुलाचीच होते. चष्म्याची गरज असलेला मुलगा चष्म्याशिवाय रात्रीची लाइन धरतो आणि समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात त्याला बंद पडलेला ट्रॅक्टर दिसत नाही. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या किती असतात, हे तिकडच्या कुणालाही विचारावं. डॉक्टरकडे स्वतः जावं, डोळे खरेखुरे तपासून घ्यावेत. चष्मा लागला म्हणून परवाना नाकारला जात नाही.

झोपेचं माप मात्र कुठल्याच दाखल्यात नाही. तीन सेकंद डुलकी लागली तर ताशी ६० ला ट्रक पन्नास मीटर जातो, कुणीही चालवत नसलेला. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच घालून दिली होती. प्रत्यक्षात भाडं वेळेत पोचवण्याचं दडपण ही मर्यादा मोडून काढतं. २०२५ पासून नव्या जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं आहे आणि ही चैन नाही: मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेशेजारी बसून दहा तास रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाचं लक्ष उष्णतेनेच आधी ढळतं. नोकरी धरताना पगाराआधी विचारायचा प्रश्न हा आहे की लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर देता का आणि माल पोचवायला किती तास धरता.

टँकरकडे

दोन-चार वर्षं मालाच्या ट्रकवर काढल्यावर अनेकांची नजर टँकरकडे जाते. पेट्रोल, गॅस, रसायनं यांच्या वाहतुकीत पैसे बरे आणि फेऱ्या ठरलेल्या. त्यासाठी परवान्यावर धोकादायक मालाची स्वतंत्र नोंद लागते. तीन दिवसांचं खास प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि एक भारतीय भाषा तसंच इंग्रजी वाचता-लिहिता आलं पाहिजे. बाकी जड परवान्याला शिक्षणाची अट उरलेली नसताना ही अट इथे आहे, कारण टँकरवर आपत्कालीन माहितीचा फलक असतो. त्यावर रसायनाचं नाव, त्याचा क्रमांक, गळती झाली तर काय करायचं याची सांकेतिक सूचना आणि संपर्काचा फोन असतो. गळती झाली तर अग्निशमन दल पोचेपर्यंत तो फलक वाचून पुढचं पाऊल ठरवणारा माणूस एकच असतो, ड्रायव्हर.

शिवाय द्रव स्थिर बसत नाही. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा जास्त अवघड असतो. ब्रेक लावल्यावर आतला द्रव पुढे धावतो आणि थांबू लागलेल्या गाडीला मागून धक्का देतो, वळणावर तो बाहेरच्या बाजूला चढतो आणि टँकर उलटण्याकडे झुकतो. टाकीच्या आत भोकांच्या आडव्या भिंती घालतात त्या ही लाट मोडण्यासाठी. ही नोंद तीन वर्षांनी संपते आणि पुढे चालू ठेवायला एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्या दिवशी वर्गात टँकर आत कसा विभागलेला असतो ते नीट विचारून घ्यावं, आणि कुठल्या टप्प्यावर तो किती रिकामा होणार आहे हे फेरी सुरू करण्याआधीच डेपोतल्या माणसाकडून लिहून घ्यावं.